मृग बरसला की ८० मीटरच्या व्हर्टिकलचं मॅचिंग का हलतं?

हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांची तक्रार दरवर्षी त्याच थाटाची असते. मे महिन्यात ८० मीटरला, म्हणजे ३.५ मेगाहर्ट्झच्या वरच्या बँडला, व्हर्टिकलचा (उभ्या नळीच्या अँटेनाचा) एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओच्या ५० ओहमला किती जुळते याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.१ वर बसवून ठेवलेला. मृग बरसला, आणि जुलै उजाडेपर्यंत तोच दोनच्या वर. पावसात भिजत कॉइलचा टॅप (वेढ्यांवरची जोडाची जागा) सरकवून खाली आणावा, तर दिवाळीनंतर पुन्हा बिघडलेला. बेळगाव भागात खानापूरपासून अथणीपर्यंत ज्यांनी ज्यांनी छोटी व्हर्टिकल उभी केली आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना हा अनुभव आहे. आणि जवळपास सगळेच मॅचिंगच्या, म्हणजे अँटेना ५० ओहमला जुळवणाऱ्या नेटवर्कच्या, डब्याला दोष देऊन मोकळे होतात.

टॅपला हात लावण्याआधी नक्की काय बदललं ते शोधा. एसडब्ल्यूआर हा एकच आकडा दोन निरनिराळ्या गोष्टी कालवून पुढे ठेवतो. रेझिस्टन्स (आर, पॉवर खाणारा किंवा हवेत सोडणारा भाग) हलला की रिॲक्टन्स (एक्स, कॉइल-कपॅसिटरसारखा पॉवर न खाणारा भाग) हलला, हे त्याच्यावरून कळत नाही. रेझिस्टन्स हलला असेल तर बहुधा जमीन बोलते आहे. रिॲक्टन्स हलला असेल तर पाणी कुठंतरी शिरलंय किंवा एखादा सांधा गेलाय. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत, आणि पहिल्यात तर पुष्कळदा इलाजाची गरजच नसते.

आकड्यांसाठी एक नमुना धरू

१० मीटर उंचीची, सरासरी २५ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची नळी. ७.१ मेगाहर्ट्झला ही जवळपास पूर्ण पाव वेव्हलेंथची व्हर्टिकल होते, म्हणून ४० मीटरला कॉइल लागत नाही. ३.६५० मेगाहर्ट्झला मात्र तीच नळी वेव्हलेंथच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढी उरते. तिथं रेडिएशन रेझिस्टन्स (रेझिस्टन्समधला हवेत पॉवर सोडणारा वाटा) ६ ते ७ ओहम आणि रिॲक्टन्स उणे ४०० ओहमच्या आसपास. कॉइलचा लॉस २ ओहम आणि जमिनीचा लॉस १२ ओहम धरला, तर एकूण रेझिस्टन्स २० ओहमच्या घरात जातो.

या २० चे ५० करायला सगळ्यात सोपं नेटवर्क म्हणजे तळाशी आडवी टाकलेली शंट कॉइल. लोडिंग कॉइल (नळीची कमी लांबी भरून काढणारी, तळाशी सिरीजमध्ये जोडलेली) मुद्दाम थोडी कमी ठेवायची, म्हणजे सुमारे २५ ओहमचा कपॅसिटिव्ह रिॲक्टन्स शिल्लक राहतो, आणि फीड पॉइंटपासून (कोॲक्स केबल जोडतो त्या जागेपासून) ग्राउंडला ४१ ओहम रिॲक्टन्सची कॉइल जोडायची. हिशेब करा: लोडिंग कॉइल १६.४ मायक्रोहेन्री, शंट कॉइल १.८ मायक्रोहेन्री. लोडिंगसाठी शेतीच्या पाइपलाइनचा ६३ मिलिमीटर पीव्हीसी पाइप घ्या. त्यावर १४ गेजची तांब्याची तार, वेढ्यावेढ्यात तारेच्या जाडीएवढं अंतर सोडून, २२ वेढे मारले की १७ मायक्रोहेन्रीच्या जवळ जाता. उरलेलं टॅपवर भागतं. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात किलोवर मिळते, एवढ्या कॉइलला पाव किलोही लागत नाही. शंटसाठी टी-२००-२ या लाल कोअरवर १२ वेढे. शंट कॉइलचा वरचा फायदा असा की नळी डीसीला ग्राउंड होते आणि वळवाच्या ढगांनी साचवलेला स्टॅटिक चार्ज वाहून जातो. वीज पडण्यापासून मात्र ती वाचवत नाही. ढग दाटले की कोॲक्स रेडिओतून काढायचा तो काढायचाच.

आता या नमुन्याचा अडचणीचा भाग. एवढ्या छोट्या नळीला बँडविड्थ फार कमी मिळते. जुळवलेल्या फ्रिक्वेन्सीपासून ५० किलोहर्ट्झ इकडे किंवा तिकडे सरकलात की एसडब्ल्यूआर दोनला टेकतो. म्हणजे पावसानं रेझोनन्स (रिॲक्टन्स शून्य होतो ती फ्रिक्वेन्सी) ६०-७० किलोहर्ट्झ सरकवला तरी मॅचिंग मोडलं असंच वाटणार.

मापायचं कुठं आणि कसं

मापन नळीच्या तळाशी. खोलीत रेडिओजवळ बसून घेतलेले आर आणि एक्स कोॲक्सनं फिरवलेले असतात, त्यांच्यावरून निदान होत नाही. नॅनो-व्हीएनए (आर आणि एक्स मापणारा छोटा मीटर) असेल तर तो पिशवीत घालून रानात न्या. छोट्या केबलच्या टोकाशी ओपन, शॉर्ट, लोड करून कॅलिब्रेट करा, मग मापा. खोलीतूनच मापायचं असेल तर कॅलिब्रेशन लांब केबलच्या त्या टोकाशी करावं लागतं. पावसात ते कुणी करत नाही.

नळीचा रिॲक्टन्स थेट मापायच्या भानगडीत पडू नका. उणे ४०० ओहमच्या सोबतचे २० ओहम नॅनो-व्हीएनएला नीट वाचता येत नाहीत. त्यापेक्षा लोडिंग कॉइल जागेवर ठेवा, शंट कॉइलचं फक्त एक टोक सोडवा आणि रिॲक्टन्स शून्य कुठं होतो ते बघा. आपल्या नमुन्यात ती फ्रिक्वेन्सी ३.७४ मेगाहर्ट्झच्या जवळ येईल आणि तिथं रेझिस्टन्स २० ओहम दिसेल. एवढेच दोन आकडे हवेत: रेझोनन्स कुठं, आणि तिथं आर किती. उन्हाळ्यात ते डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. कागद भिजतो, आणि मोबाइलमधला फोटो ऐनवेळी सापडत नाही.

आर उतरला, रेझोनन्स जवळपास जागेवर

पावसात बहुतेकांच्या पदरी हेच येतं. जमीन ओली झाली, लॉस १२ चा ६ ओहम झाला, एकूण आर साडेचौदावर आला. रेझोनन्स थोडा हलेल, पण फार नाही. नेटवर्क २० ओहमसाठी बांधलेलं असल्यामुळं एसडब्ल्यूआर १.४ पर्यंत चढतो, आणि माणूस कपाळाला हात लावतो.

पण बघा की, काय झालंय ते. उन्हाळ्यात शंभर वॉटपैकी ३२ वॉट हवेत जात होते, आता ४५ जातात. जवळजवळ दीड डेसिबलचा फायदा फुकटात झाला. एसडब्ल्यूआर १.४ असताना परत येणारी पॉवर तीन टक्केसुद्धा नसते. अँटेना सुधारली आणि मीटरनं नापास केलं, एवढाच याचा अर्थ. मीटरच्या समाधानासाठी शंट कॉइलचा एक वेढा कमी करा, बाराचे अकरा, आणि मॅच पुन्हा बसेल. नाही केलात तरी काही बिघडत नाही.

याच्या उलट बाजू जास्त घातक. मे महिन्यात नेटवर्कशिवायच ५० ओहम मिळाले म्हणून खूश होणारे भेटतात. ४० मीटरची पूर्ण पाव वेव्हलेंथची व्हर्टिकल चांगल्या जमिनीवर ३६ ओहम दाखवते. चार रेडियल (तळापासून चहूबाजूंना जमिनीवर पसरलेल्या तारा) टाकून ती ५० दाखवत असेल, तर वरचे १४ ओहम माती तापवताहेत. ८० मीटरला हीच गोष्ट कितीतरी महाग पडते, कारण तिथं हवेत जाणारे ओहमच सहा-सात. रेडियल वाढवल्यावर एसडब्ल्यूआर बिघडला तर तो चांगला बिघाड समजा आणि नेटवर्क नव्या आरला जुळवून घ्या.

आपल्याकडं हा आर किती हलेल ते तुम्ही कुठं राहता त्यावर आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तांबडी माती आणि खाली जांभा. पाऊस धो धो पडतो, पण निचराही तितकाच झटपट. चार दिवस उघडीप मिळाली की वरचा थर कोरडा पडतो आणि आर पुन्हा वर चढतो. चिकोडी, अथणीकडची काळी रानं ओल धरून ठेवतात, त्यामुळं तिथं एकदा उतरलेला आर बरेच दिवस खालीच राहतो. पण उन्हाळ्यात त्याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती आक्रसून अर्थिंगच्या रॉडपासून सुटते, आणि रॉडवर भिस्त ठेवणाऱ्याचा आर एप्रिलमध्ये कुठल्या कुठं जातो. रॉड आकाशातल्या विजेसाठी ठोका. आरएफसाठी (रेडिओच्या करंटसाठी) एका रॉडचा उपयोग नाममात्र, सगळं काम रेडियलचं.

उसाच्या रानात उभी केलेली व्हर्टिकल तर पावसाचं वेळापत्रक मानतच नाही. तिथं आर पाण्याच्या पाळीबरोबर वरखाली होतो. पाणी पाजल्यावर एक आकडा, पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी दुसरा. अशा ठिकाणी महिन्यांची तुलना करू नका, माती ओली का कोरडी ते बघून तुलना करा.

रेडियल किती, हा प्रश्न १९३७ मध्येच ब्राउन, लुईस आणि एप्स्टाइन यांनी मोजमापं घेऊन हाताळला. प्रसारण केंद्रांच्या मनोऱ्याखाली १२० रेडियल घालायची रीत त्या कामातून रुजली. आपल्याला तेवढं परवडत नाही, आणि गरजही नाही. जमिनीवर टाकलेल्या १० मीटरच्या १६ रेडियलनी चार रेडियलच्या तुलनेत मोठा फरक पडतो, ३२ नंतर प्रत्येक नव्या तारेमागचा फायदा घटत जातो. जमिनीवरच्या रेडियलची लांबी काटेकोर असण्याचं कारण नाही, माती त्यांना नाहीतरी डिट्यून करतेच. तार जेवढी आहे तेवढीच असेल तर थोड्या लांब तारांपेक्षा पुष्कळ आखूड तारा घाला. आर जितका कमी तितका तो हवामानानं कमी हलतो, कारण हलणारा वाटाच लहान होतो. दरवर्षीच्या कटकटीवर खरा इलाज हा आहे, पण त्यात खोदकाम आहे म्हणून कुणाला आवडत नाही.

रेझोनन्स खाली सरकला

इथं मात्र डबा आणि तळ दोन्ही उघडून बघा. ८० मीटरला नळीच्या तळाशी व्होल्टेज जबर असतं. शंभर वॉट, २० ओहम म्हणजे सव्वादोन अँपियर करंट. तो ४०० ओहमच्या रिॲक्टन्समधून जातो, म्हणजे तळाशी जवळजवळ ९०० व्होल्ट आरएमएस. पोरंसोरं आणि जनावरं जातील अशा जागी तळाभोवती कुंपण हवंच. आणि इतक्या व्होल्टेजला तळाजवळचा प्रत्येक ओला पदार्थ सर्किटचा भाग होतो.

किती होतो ते बघा. तळाशी १० पिकोफॅरड जास्तीचे आले, म्हणजे दहा सेंटिमीटर कोॲक्समध्ये असतात तेवढे, की रिॲक्टन्स ४०० चा ३६६ होतो आणि रेझोनन्स सव्वाशे किलोहर्ट्झ खाली येतो. ५ पिकोफॅरडला ६५ किलोहर्ट्झ. नळीला चिकटून वाढलेलं ओलं गवत, चढलेला वेल, तळाला गुंडाळलेलं भिजकं पोतं, डब्यात साचलेलं पाणी, यातलं काहीही हे करू शकतं. वर गळती वेगळी. ओल्या इन्सुलेटरचा रेझिस्टन्स ५० किलोओहमवर आला तर सिरीजमध्ये ३ ओहमचा लॉस वाढल्यासारखं होतं. सहा-सात ओहमच्या रेडिएशन रेझिस्टन्सपुढं तीन ओहम ही थट्टा नव्हे.

इन्सुलेटरबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्या भागात घोळ इथंच होतो. बेळगावात लेथची कमतरता नाही. उद्यमबागेत कुठंही शिरा, तासाभरात गोल इन्सुलेटर टर्न करून मिळेल. पण काही सांगितलं नाहीत तर तो नायलॉनचा मिळेल, कारण हाताशी तोच रॉड असतो. नायलॉन मजबूत आहे, दिसायला देखणा आहे, पण पाणी पितो. महिनाभर संततधारेत उभा राहिला की ओल आत मुरते, आणि वरून फडक्यानं पुसून काही उपयोग होत नाही. डेलरिन मागा, नाहीतर एचडीपीई किंवा टेफ्लॉन. डेलरिन नायलॉनपेक्षा महाग पडतो, पण इन्सुलेटरला लागतोच किती! लाकूड, तेलात उकळलेलं असलं तरी, ८० मीटरच्या तळाशी नको.

दोष तळाशी आहे की जमिनीत हे कळत नसेल तर एक साधी परीक्षा आहे. लोडिंग कॉइल बाजूला काढून ४० मीटरला मापा. तिथं तळाचा इम्पीडन्स (आर आणि एक्स मिळून) ४० ओहमच्या आसपास असतो, त्यामुळं दहा पिकोफॅरड आले काय नि गेले काय, काही फरक दिसत नाही. ४० मीटरचे आकडे जसेच्या तसे आणि ८० मीटर घसरलेलं, तर दोष तळाच्या व्होल्टेजच्या भागात: इन्सुलेटर, कॉइल, डबा किंवा गवत. दोन्ही बँडवर आर हलला असेल तर दोष जमिनीत किंवा रेडियलच्या सांध्यात. ही एक परीक्षा निम्मं काम वाचवते.

डब्याचं म्हणाल तर तो घट्ट बंद करायच्या नादाला लागू नका. दिवसा तापतो, संध्याकाळी सरीनं गार होतो, आणि केबलच्या भोकातून दमट हवा आत ओढून घेतो. तेच पाणी आत सुटतं आणि बाहेर जायला वाट उरत नाही. तळाला दोन बारीक भोकं पाडा आणि आतून बारीक जाळी लावा, नाहीतर मुंग्या घर करतात. पाल आत शिरली तर कॉइलच्या गरम टोकाशी तिचा कोळसा होतो, नि कोळशाचा तो डाग पुढं आर्क खेचत राहतो. कॉइल डब्याच्या भिंतीपासून निदान तिच्या व्यासाएवढी लांब असू द्या. पाइपवरच्या वेढ्यांमध्ये पाणी थांबू नये म्हणून पाइप उभा ठेवा. वेढे पक्के करायला सिलिकॉन सीलंटचे दोन-तीन उभे पट्टे ओढा, पण आंबट वास येणारं सीलंट नको, तांब्याला खातं.

टॅपचा हिशेब पाठ असावा: या कॉइलवर एक वेढा म्हणजे ८० किलोहर्ट्झ. पाव वेढा सरकवून काम होत असेल तर ठीक. पूर्ण वेढा किंवा जास्त सरकवावा लागत असेल तर टॅप सोडा आणि पाणी शोधा.

रेझोनन्स वर गेला, आर वाढला किंवा आकडे उड्या मारू लागले

रेझोनन्स वर जाणं म्हणजे नळी आखूड झाली. वाऱ्यानं वरचा तुकडा आत सरकला असेल, किंवा सांध्यात ऑक्साइड धरून वरचा भाग विजेच्या दृष्टीनं तुटला असेल. दुसऱ्या प्रकारात फ्रिक्वेन्सी थोडीथोडकी नाही, मेगाहर्ट्झच्या हिशेबात उडते. नळी खाली घ्या, सांधे पॉलिश पेपरनं घासा, स्टेनलेस क्लिपनं आवळा.

आर एकदम वाढला आणि पाऊस चालू आहे, म्हणजे रेडियल गेले. बहुतेक वेळा कारण शोधायला लांब जावं लागत नाही. पेरणीआधी रोटाव्हेटर फिरलेला असतो. गड्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर रेडियल बांधाच्या कडेनं वळवा. कुणी हात लावला नसेल तर मधल्या पट्टीचे नटबोल्ट बघा. तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमच्या नळीला किंवा जीआय बोल्टला आवळली की पावसाच्या पाण्यात त्यांच्यात सेल तयार होतो आणि दोन पावसाळ्यांत सांधा पांढऱ्या-हिरव्या भुकटीत जातो. टिनचा मुलामा दिलेले लग, मध्ये स्टेनलेसचा वॉशर, वरून पेट्रोलियम जेली. एवढ्यानं बरीच वर्षं जातात.

नॅनो-व्हीएनए सगळं ठीक म्हणतो, पाच वॉटलाही ठीक, पण शंभर वॉटला एसडब्ल्यूआर हळूहळू चढत जातो. हा उष्णतेचा आजार. तुमच्या नेटवर्कमध्ये शंट कॉइलऐवजी कपॅसिटर असेल तर पहिला संशय त्याच्यावर. बाजारातली साधी सिरॅमिक डिस्क तापली की तिचं मूल्य बदलतं. एनपीओ किंवा सिल्व्हर मायका (तापल्यावर मूल्य जवळपास न बदलणारे कपॅसिटर) लावा, किंवा कोॲक्सचा ओपन तुकडाच कपॅसिटर म्हणून वापरा, आरजी-२१३ मीटरमागं साधारण १०० पिकोफॅरड देतो. एसडब्ल्यूआर हळूहळू न चढता फटकन उडत असेल तर आर्क आहे. रात्री डबा उघडा ठेवून, लांब उभं राहून, दुसऱ्या कुणाला रेडिओची ट्रान्समिट की दाबायला सांगा. कुठं ठिणगी पडते ते दिसेल.

कोॲक्स हलवला किंवा रेडिओच्या पत्र्याला हात लावला की आकडा बदलत असेल, तर कोॲक्स स्वतःच रेडियल बनलाय. रेडियल कमी असले की तो हमखास बनतो, आणि मग पावसानं भिजलेली केबलसुद्धा मॅचिंगमध्ये भाग घेते. डब्यातून बाहेर पडल्यावर लगेच एफटी-२४०-३१ या फेराइट कोअरवर कोॲक्सचे दहा-बारा वेढे मारून चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारी कॉइल) घाला. आधीचं सगळं मापन चोक घातल्यावर पुन्हा करावं लागेल, कारण तोवरच्या आकड्यांत केबलचाही वाटा होता.

गच्चीवाल्यांचं थोडं वेगळं. टिळकवाडीत, शहापुरात स्लॅबवर उभ्या केलेल्या व्हर्टिकलला माती नसतेच, खाली सळ्या असतात. तिथं रेडियल स्लॅबपासून उंच, दोन ते चार, आणि प्रत्येक बँडसाठी लांबी कापून ट्यून केलेले लागतात. असे रेडियल मॅचिंगच्या हिशेबात थेट येतात. ओल्या कठड्याला एक रेडियल टेकला तरी रेझोनन्स हलतो, तेव्हा टोकांना इन्सुलेटर लावा आणि पावसाळ्यात गच्चीवर ताडपत्री बांधली जाते ती त्यांना घासत नाही ना, ते बघा. तळाच्या इन्सुलेटरबद्दल वर लिहिलेलं सगळं इथंही लागू.

रेडिओजवळ ऑटो-ट्यूनर ठेवून हे सगळं टाळता येईल का, असं नेहमी विचारलं जातं. एसडब्ल्यूआर दोन-अडीचपर्यंत असेल तर ८० मीटरला वीस-तीस मीटर कोॲक्समध्ये वाढीव लॉस किरकोळ असतो, खुशाल वापरा. पण ओला नायलॉन आणि तुटलेले रेडियल ट्यूनरला दिसत नाहीत. तो रेडिओला ५० ओहम दाखवून गप्प बसवतो, पॉवर मातीतच जाते. त्यामुळं ट्यूनर असला तरी जून आणि ऑक्टोबरात शंट कॉइल सोडवून ते दोन आकडे घ्याच. शंट कॉइलवर अकराव्या आणि बाराव्या वेढ्याला, लोडिंग कॉइलवर ओल्या आणि कोरड्या जमिनीच्या जागी, असे टॅप आधीच सोल्डर करून ठेवले की क्लिप बदलायला पाच मिनिटं पुरतात. ओल्या आणि कोरड्या आरमध्ये पाच-सहा ओहमपेक्षा जास्त फरक दिसत राहिला तर तिसरा टॅप काढत बसू नका, आणखी आठ रेडियल टाका आणि दोन्ही आकडे नव्यानं झाकणावर लिहा.